मागच्या दारचा रांजण

मी रांजण बोलतोय. पाण्याचा नव्हे, किमचीचा, म्हणजे कोबीच्या आंबट लोणच्याचा. कोरियातल्या ज्या कुंभाराने मला घडवलं, तो म्हणाला होता, याची माती श्वास घेते, यात काहीही मुरेल. खरं बोलला मेला. काहीही मुरलं.

तसा मी लहान चणीचा. बुन्नामने मला आईच्या अंगणातून उचललं आणि विमानात मांडीवर घेऊन शिकागोला आणलं. तिच्या नवऱ्याचं, तेशिकचं, तिथे ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं, वरच्या मजल्यावर घर. दुकानाच्या मागच्या दारी तिने खड्डा खणला, थंडीत किमची गोठू नये म्हणून मला गळ्यापर्यंत पुरलं आणि भोवती पेंढा दाबला. हिवाळ्याच्या तोंडाशी कोबी, मिरची, लसूण, खारवलेला जवळा असं सगळं कालवून ती मला भरायची. मुरली की पहिली वाटी तेशिकला, मग चर्चमधल्या बायकांना.

तेशिक वाईट नव्हता, आळशी होता. कपडे धुऊन झाले की यंत्राच्या तळाशी गोडसर वासाच्या केमिकलचं घाण पाणी उरतं. ते न्यायला वेगळी गाडी बोलवावी लागते. पण जुन्या मालकाने त्याला शिकवून ठेवलं होतं, मागच्या दारी ओत, माती पिऊन टाकते. उन्हाळ्यात तो कुठेही ओतायचा. हिवाळ्यात मात्र तिथली जमीन गोठून दगड होते, ओतलेलं वरच साचून राहतं. भुसभुशीत जागा एकच उरायची, माझ्याभोवतीची, बायकोने खणलेली. तिथे तो बादली उपडी करायचा, पेंढा सारखा करायचा आणि हात झटकून आत जायचा. जाड भांडं आहे, वर दगडाचं झाकण आहे, आत काय जातंय? ते माझ्या अंगातून आत आलं. उरलेलं खाली झिरपलं, जमिनीतल्या पाण्याला जाऊन भिडलं.

त्या वासात राहून राहून नवरा-बायको दोघांचीही नाकं मेली होती. चर्चमधल्या बायका विचारायच्या, बुन्नाम, तुझ्या किमचीला अशी गोडी कशी गं येते? ती फुशारून सांगायची, मी नासपती किसून घालते. मला हसू आलं असतं, पण तोंडावर दगड होता.

नाक शाबूत होतं एकट्या हेजिनचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं. कॉलेजातून सुट्टीला आली आणि पहिल्याच घासाला थांबली.

"आई, याला दुकानाचा वास येतोय."

आता शाळेत असताना याच पोरीच्या डब्याला गोरी मुलं नाकं दाबायची आणि ती डबा तसाच कचऱ्यात टाकून यायची. बुन्नामच्या मनात ते सलत होतंच.

"आपल्याच अन्नाचा वास यायला लागला का तुला? मोठी मडम झालीस," ती म्हणाली. "खायचं तर खा, नाहीतर ऊठ."

हेजिन उठली, ती काही वर्षं त्या घरात जेवली नाही.

पुढे तेशिकची मूत्रपिंडं गेली. अन्न जाईना, तेव्हा बुन्नाम माझ्यातला रस चमच्या-चमच्याने त्याच्या तोंडात घालायची. तो डोळे मिटून गिळायचा. किती प्रेमाने पाजायची म्हणून सांगू.

हेजिन बापाच्या मातीला आली. तिला नुकते दिवस गेले होते. आईने त्या हिवाळ्यातही मला त्याच मातीत भरलं, ताट वाढलं, आणि पोरगी वास-बीस काही न बोलता जेवली. आईचं मन राखायला जेवली, हे मला कळलं. बुन्नामला वाटलं, पोरगी परत आपली झाली. मग हिवाळाभर डबे जात राहिले तिच्याकडे.

बर्फ वितळल्यावर दुकान विकायला काढलं. घेणाऱ्याने आधी माती तपासायला लावली. अंगणभर बोअर मारले, जिथे तिथे विष निघालं. मग माती उपसायला माणसं आली. त्यांची मुकादम कार्ला. तिने वासाचं यंत्र माझ्या तोंडावर धरलं आणि ते किंचाळत सुटलं.

बुन्नाम इंग्रजीत गडबडायची, म्हणून हेजिन दुभाष्याला उभी होती. पोट आता चांगलं दिसत होतं.

"माझ्या आईचा आहे तो. सांग तिला, उकळत्या पाण्याने धुऊन घेते," बुन्नाम म्हणाली.

कार्लाने मान हलवली आणि काहीतरी विचारलं.

"काय म्हणते ती?"

"विचारतेय, यातलं कोणी खाल्लं का?"

बुन्नामने आधी माझ्याकडे पाहिलं, मग लेकीच्या पोटाकडे. नंतर पदर नसलेल्या त्या देशात तिने एप्रनच तोंडाला लावला.

"सांग, कोणी नाही. चर्चमध्ये तोंड दाखवायचंय मला."

"आणि मी, आई?"

हेजिन कार्लाकडे वळली आणि तिने इंग्रजीत सगळं सांगितलं, सुरुवात स्वतःपासून केली. मग आईकडे न बघता गाडीत जाऊन बसली.

अख्खं भांडं पिंपात जागा अडवतं, म्हणून मला हातोड्याने फोडलं. आता पिंपात तुकडे होऊन पडलोय. पुन्हा पुरणार आहेत म्हणे, लांब कुठेतरी, खाली-वर प्लास्टिक घालून. माझ्यासाठी हळहळू नका. ताटावर बसलेलं पोर नाक मुरडून उठलं, तर त्याला नखरे म्हणण्याआधी शेजारच्या कुणाला तरी वास घ्यायला सांगा. आपल्या नाकाचा भरवसा धरू नका.

हेजिनचं मूल उन्हाळ्यात होईल. कसं होईल, ते मला विचारू नका.

आणि जाता जाता तेवढं पिंपाचं झाकण घट्ट बसवा. मी अजून श्वास घेतोय.