बाजूची नजर

भूमिका धुळ्याच्या एका ऑप्टोमेट्री कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. अमळनेरहून रोज एसटीने जायची, संध्याकाळी परत यायची. तिच्या वर्गातल्या बहुतेकांना पहिलं वर्ष म्हणजे शिक्षा वाटायची. आपण चष्म्याचे नंबर काढायला आलोय, मग हे जीवरसायन कशाला, पेशीत साखर कशी जळते ते कशाला, भिंगांची ती गणितं कशाला, असं जो तो विचारायचा. तिच्या शेजारी बसणारी जिनल तर उघडच सांगायची, की तिच्या काकांचं आग्रा रोडवर चष्म्यांचं दुकान आहे, तिला एक कागद हवाय, बाकी सगळं ती काउंटरवर शिकेल.

भूमिकाला मात्र हे विषय आवडायला लागले होते. बारावीला फिजिक्समध्ये ती जेमतेम सुटली होती, आणि आता तेच प्रकाशकिरण कागदावर काढताना तिला कंटाळा येत नव्हता. शरीरक्रियाशास्त्र शिकवायला शाझिया मॅडम होत्या. हळू आवाजात बोलायच्या, फळ्यावर डोळ्याची आकृती एका दमात काढायच्या. डोळ्याच्या आत पाणी कसं तयार होतं, ते कुठून वाहून जातं, वाट तुंबली की दाब कसा चढतो आणि मागची नस कशी मरत जाते, हे त्यांनी एका तासात सांगितलं.

"मेलेली नस परत येते का, मॅडम?" भूमिकाने विचारलं.

"नाही."

"औषधाने?"

"औषधाने उरलेली वाचते. कधी तीही वाचत नाही." मॅडमनी फळा पुसला. "आणि पेशंटला शेवटपर्यंत कळत नाही, कारण समोरचं नीट दिसत असतं. बाजूचं आधी जातं. बाजूचं गेलेलं माणसाला कळत नाही."

त्या आठवड्यात प्रॅक्टिकलला त्यांनी बाजूची नजर तपासायची साधी रीत शिकवली. समोरासमोर बसायचं, दोघांनी समोरासमोरचा एकेक डोळा झाकायचा, एकमेकांच्या उघड्या डोळ्यात बघायचं. मग आपला हात बाहेरून हळूहळू आत आणायचा आणि बोट दिसलं की समोरच्याने सांगायचं. आपल्याला दिसेल तेव्हाच त्यालाही दिसायला हवं. घरी दोघातिघांवर करून या, हात बसेल, असं मॅडम म्हणाल्या.

रविवारी भूमिकाने आईला अंगणात खुर्चीवर बसवलं. आईने सगळं बरोबर सांगितलं आणि भाकरी करायला उठून गेली. मग तिने वडिलांना बोलावलं. सुकदेव, तिचे आबा, गावातल्या एका इंग्रजी शाळेची बस चालवायचे. सकाळी मंगरूळ, शिरूड, जानवे अशी खेडी फिरून पोरं आणायची, दुपारी सोडायची. रविवारी ते बस धुवायला शाळेत जायचे, त्या दिवशी अजून निघाले नव्हते.

"आते तू मन्हा डोया तपासशी?" ते हसून म्हणाले, पण बसले.

धुळ्याला जायला लागल्यापासून भूमिका घरातही शाळेतल्यासारखं मराठी बोलायची. आबा अहिराणीतच बोलायचे. त्याचं दोघांनाही काही वाटायचं नाही.

"उजवा डोळा झाका. माझ्या डोळ्यात बघा. हात दिसला की सांगा."

तिने हात त्यांच्या डावीकडून आत आणला. तिला तिचं बोट केव्हाच दिसलं. आबा काही बोलले नाहीत. हात आणखी आत आला, त्यांच्या गालाजवळ आला, जवळजवळ नाकासमोर आला.

"हां, दिखना."

"आबा, नीट बघा. माझ्याच डोळ्यात बघा."

"तुन्हाच डोयामा देखी ऱ्हायनू ना."

तिने पुन्हा केलं. वरून, खालून, पुन्हा बाहेरून, मग दुसऱ्या डोळ्यालाही तसंच. आपलंच काही चुकतंय असं तिला वाटलं, म्हणून खुर्ची सरकवली, उन्हाची दिशा बदलली. उजव्या डोळ्याला खालचं आणि बाहेरचं दिसत होतं, वरचं नाही, नाकाकडचं नाही. डाव्या डोळ्याला फक्त मधलं. मग तिला एकेक आठवायला लागलं. गेल्या दिवाळीपासून आबा चालताना मान सारखी डावीकडे वळवायचे. ताटात डाव्या बाजूला वाढलेली चटणी तशीच राहायची आणि आई चिडायची. दाराच्या कडेला खांदा लागायचा, तेव्हा ते दारालाच शिवी द्यायचे.

"काय व्हयनं?" आबांनी विचारलं.

"उद्या माझ्याबरोबर धुळ्याला या."

"कसाले? लायसनच्या टायमाले डॉक्टरनी बठ्ठी अक्षरं वाचाले लावली. बारीकसारीक बठ्ठी वाची दिधी मी."

ते खरं होतं. समोरच्या किराणा दुकानावरचा फोन नंबरसुद्धा त्यांनी तिथल्या तिथे बसून वाचून दाखवला.

तरी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून आबा आले, आणि शाझिया मॅडमनी त्यांना ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी दाब मोजला, डोळ्यात थेंब टाकून मागचं बघितलं, मग एका यंत्रापुढे बसवून आबांना दिवे दिसले की बटण दाबायला सांगितलं. यंत्रातून निघालेल्या कागदावर दोन वर्तुळं होती आणि दोन्ही बरीचशी काळी होती. आबांनी तो कागद उलटसुलट करून बघितला.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाले. "खूप पुढे गेलाय. थेंब रोज टाकायचे, आयुष्यभर. जे आहे ते टिकवायचा प्रयत्न करायचा."

"मोतीबिंदूसारखं ऑपरेशन?" आबांनी विचारलं.

"ऑपरेशनने दाब कमी होतो, काका. गेलेलं येत नाही." मग डॉक्टरांनी आबांना विचारलं, "गाडी चालवता का?"

आबा हातातल्या कागदाची घडी घालायला लागले. भूमिका म्हणाली, "शाळेची बस."

"ती बंद करा. आजपासून."

परतीच्या एसटीत आबा खिडकीपाशी बसले होते. वेचणीचे दिवस होते, रस्त्याला कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती. अमळनेर जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "कोणले सांगू नको."

"आबा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"येवढं वरीस जाऊ दे. मंग सोडी देसू मी. मन्हा रस्ता शे तो, भूमी. डोया बांधीसन बी चालाडसू."

तिने आईला सांगितलं. आई चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, "तुला अजून पहिलं वर्ष आहे. चुकलं असेल तुझं काही." डॉक्टरांचं नाव काढल्यावर ती उठून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा नेहमीसारखे निघाले. भूमिका धुळ्याच्या गाडीला गेली नाही. ती त्यांच्यामागून शाळेत गेली आणि बसमध्ये ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला, पुढच्या सीटवर जाऊन बसली. पोरांना चढवायला-उतरवायला बसमध्ये रईसाबी असायच्या. त्यांनी विचारलं, "आज कॉलेज नाही का, बेटी?"

"सुट्टी आहे."

आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. गाडी सुरू झाली. गावाबाहेर पडल्यावर भूमिका हळूच म्हणाली, "डावीकडे सायकल." थोड्या वेळाने, "डावीकडून मोटरसायकल येतेय." मग "बैल", मग "बाई उभी आहे." आबा स्टिअरिंग तेवढं उजवीकडे घ्यायचे. असं त्यांचं जमून गेलं. दुसऱ्या दिवशीही ती आली, त्यानंतरही येत राहिली. रईसाबींनी पुन्हा विचारलं नाही. त्या कधीकधी तिच्याकडे बघायच्या, कधी आबांकडे.

कॉलेजात तिची हजेरी घसरत होती. जिनलचा फोन आला, "अगं, ऑप्टिक्सचा पेपर तोंडावर आलाय, आणि तू कुठेयस? मॅडम विचारत होत्या." भूमिका म्हणाली, आबांना बरं नाही. जिनलने नोट्सचे फोटो पाठवले. दुपारी पोरं सुटायची वाट बघत रिकाम्या बसमध्ये बसून भूमिका ते वाचायची. भिंगातून किरण कसे वळतात, प्रतिमा कुठे उमटते. प्रश्न सुटायचे तेव्हा तिला बरं वाटायचं, आणि मग समोर आबा पाण्याची बाटली शोधत सीटवर हात फिरवताना दिसायचे. बाटली डाव्या बाजूला असायची.

शिरूडच्या फाट्यावर ते घडलं. दुपारची वेळ होती. रईसाबी दारात उभ्या राहून पोरं उतरवत होत्या. समोरून कापसाने भरलेला ट्रॅक्टर येत होता, रस्ता अरुंद होता, म्हणून भूमिका त्याच्याकडे बघत होती. उतरलेल्या एका छोट्या पोरीच्या हातातून डबा सुटला आणि घरंगळत पुढच्या चाकाशी गेला. ती त्याच्यामागे वाकली. रईसाबी तेव्हा आत वळून दुसऱ्या पोराची बॅग ओढत होत्या. आबांनी डाव्या आरशात बघितलं. त्यांना रस्ता मोकळा दिसला. त्यांनी क्लच सोडला.

बाहेरून कोणीतरी बसच्या पत्र्यावर जोरात थापा मारल्या. आबांनी ब्रेक दाबला. भूमिका दारातून उडी मारून खाली उतरली. पोरगी चाकापुढे उकिडवी बसलेली होती, डबा छातीशी धरून. तिच्या बुटाला चाक टेकलं होतं. फाट्यावरच्या चहाच्या टपरीतल्या माणसाने तिला उचललं आणि बाजूला ठेवलं. पोरीला काही झालं नव्हतं. ती रडलीसुद्धा नाही. डब्याचं झाकण चेपलं म्हणून भूमिकाला दाखवत होती.

आबा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते.

"रोज व्हस असं," ते म्हणाले. "पोरे शेतस. डबाना मांगे पयतस."

रईसाबींनी दार लावून घेतलं. उरलेल्या रस्त्यात भूमिकाने डावीकडचं काही सांगितलं नाही. ती खिडकीतून पुढच्या चाकाकडे बघत राहिली.

बस शाळेत लागली तेव्हा मुख्याध्यापिका अजून ऑफिसात होत्या. भूमिका आत गेली आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. डॉक्टरांनी दिलेला तो दोन काळ्या वर्तुळांचा कागद तिच्या बॅगेत होता, तो दाखवला. बाईंनी तो बघितला, त्यांना त्यातलं काही कळलं नाही. तिने समजावून सांगितलं, हा डावा डोळा, हा उजवा, काळं म्हणजे काय. समजावताना आपण मॅडमसारखं बोलतोय हे तिच्या लक्षात आलं.

"किती दिवसांपासून माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

भूमिकाने ते सांगितलं. बाईंनी कागद परत केला, त्यानंतर तिच्याकडे नीट बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी बसवर नवा ड्रायव्हर होता. आबांना शाळेने दुसरं काम दिलं नाही. शिपायाची जागा भरलेली होती, आणि पालकांना कळलं तर ओरड होईल, असं सांगण्यात आलं. पालकांना तसंही कळलंच. बाजारात लोक आबांना थांबवून डोळ्यांचं विचारायला लागले. मग ते बाजारात जाईनासे झाले.

ते भूमिकाशी बोलायचे थांबले. आई बोलायची, पण तिच्या बोलण्यात तेच तेच यायचं. "आधी घरात नीट सांगितलं असतंस. मी समजावलं असतं. त्यांनी आपणहून सोडली असती." सांगितलं होतं, हे भूमिकाने एकदा म्हणून बघितलं, पुन्हा म्हटलं नाही. ऑप्टिक्सच्या पेपरला ती बसली. तिला सगळं येत होतं, पण कमी हजेरीमुळे निकाल रोखला गेला आणि तो विषय राहिलाच.

शाझिया मॅडमना ती भेटायला गेली. मॅडमनी तिला स्टाफरूममध्ये खुर्ची दिली.

"मी सांगितलं ते बरोबर केलं ना, मॅडम?"

"हो."

"त्याचा काही उपयोग झाला का?"

मॅडमनी समोरची वही मिटली. "त्या पोरीला झाला," त्या म्हणाल्या. "तुझ्या वडिलांना नाही." मग म्हणाल्या, "तुझाही दाब दरवर्षी बघून घे. हे घराण्यात चालत येतं." भूमिकाला ते माहीत होतं, पुस्तकात होतं.

आबांनी थेंब टाकणं महिन्याभरातच सोडलं होतं. थेंबाने डोळा चुरचुरतो आणि दिसत तर काही जास्त नाही, असं ते आईला म्हणायचे. भूमिका बाटली त्यांच्या उशाशी ठेवायची, ती तशीच भरलेली असायची. उन्हाळ्यात त्यांना समोरच्या दुकानावरची पाटी दिसेनाशी झाली. पावसाळा संपता संपता आपल्याच अंगणात ते भिंतीला हात लावून चालायला लागले. पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी भूमिकाला बाजूला घेतलं. डावा डोळा गेला होता. उजव्यात थोडंसं उरलं होतं, एखाद्या नळीतून बघावं तेवढं.

त्या संध्याकाळी आबांनी आपणहून तिला हाक मारली. ती बाटली घेऊन गेली, त्यांची मान मागे करून त्यांच्याजवळ बसली.

"भूमी, एक इचारू?"

"विचारा."

"हाई जे जास ते परत येस नही, हाई तुम्हले तठे शिकाडतस?"

"हो."

"पहिलाच वरीसले?"

"पहिल्याच वर्षाला."

घराबाहेरून कोणाची तरी मोटरसायकल गेली, आबांनी आवाजाकडे मान वळवली.

"मंग पुढला वरीसले काय शिकाडतस?"

भूमिकाने बाटलीचं झाकण काढलं. "नंबर काढायला," ती म्हणाली. "चष्म्याचे."

त्यांनी मान हलवली. तिने त्यांच्या उजव्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने खाली ओढली आणि थेंब टाकला. त्यांनी डोळा मिटला. थोडं औषध गालावर ओघळलं, ते तिने ओढणीने पुसलं.