खड्डा परीक्षा, रविवार, सकाळी सात

रविवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी घड्याळजी सायकलसकट डांबरात रुतले. पुढचं चाक रिमपर्यंत, डावा बूट घोट्यापर्यंत, आणि चेहरा नेहमीसारखाच. अकरा जणांच्या मंडळातल्या उरलेल्या दहा जणांनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं. मात्र असं काही घडलंच नाही, असा ठराव तासाभरात एकमताने पास झाला. तेव्हा आपणही काही ऐकलं नाही असं समजून पहिल्यापासून सुरुवात करू.

घड्याळजींना एक मुलगी होती आणि मुलीला एक नवरा होता. यातली दुसरी गोष्ट त्यांना अजून नीट पटली नव्हती. जावई चष्म्याच्या दुकानात कामाला होता. काचा घासायच्या, कडा गुळगुळीत करायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. हाताचा स्थिर, बोलायला बरा. पण लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासऱ्यांनी त्याच्या हाती साधा चिमटासुद्धा दिला नव्हता. त्यांच्या दुकानात गेला की त्याने स्टुलावर बसायचं, हात गुडघ्यांवर ठेवायचे. एकदा टेबलावर एक मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं आणि तो कुतूहलाने वाकला, तर डोळ्यावरचं भिंग न काढता घड्याळजी म्हणाले, "जावईबापू, श्वास जरा तिकडं सोडा."

बायकोकडे गाऱ्हाणं केलं तर ती म्हणायची की बाबांनी आईवर विश्वास ठेवायलाही सहा वर्षं घेतली, तुझी अजून चार आहेत, धीर धर.

जावयाला चार वर्षं थांबायचं नव्हतं, म्हणून त्याने सायकल घेतली.

घड्याळजींचं सायकल मंडळ दर रविवारी सकाळी निघायचं. मंडळाचे चौतीस नियम घड्याळजींनी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात एका वहीत लिहिले होते. पुढच्याच्या चाकाला आपलं चाक आडवं भिडेल इतकं जवळ जायचं नाही. न सांगता ब्रेक दाबायचा नाही. अरुंद रस्त्यावर शेजारी शेजारी चालवून गप्पा छाटायच्या नाहीत, गप्पा कुठं पळून जात नाहीत. थांबायचं तर रस्त्याच्या कडेला, मधोमध उभं राहून चर्चा करायला आपण पुतळे नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम सातवा: रांगेत मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही, म्हणून पुढारी हात खाली करून दाखवेल आणि ओरडेल त्यावर मागच्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवायचा. डोळे मिटून हे अलंकारिक आहे, असं खाली वेगळ्या शाईत लिहिलं होतं. मंडळातल्या बेकरीवाल्याने पहिल्या वर्षी ते खरं मानलं होतं.

नऊ वर्षं पुढारीपण शिट्टीबाईंकडे होतं. त्या तलावावर पोहायला शिकवायच्या आणि त्यांचा आवाज पाण्याखालीही ऐकू यायचा, त्यामुळे त्यांना शिट्टीची गरज नव्हती, तरी ती गळ्यात असायची. यंदा त्यांनी जाहीर केलं की आता मला मधे राहून जरा लोकांच्या भानगडी ऐकायच्यात. जागेसाठी अर्ज एकच आला, जावयाचा. घड्याळजींनी तो भिंगाखाली धरून वाचला.

पुढारी व्हायचं तर खड्डा परीक्षा द्यावी लागे. गादीवाल्याच्या दुकानापुढच्या वळणावर एक खड्डा होता. लांबी अडीच वीत, खोली एक वीत, वय मंडळाएवढंच. त्याला सगळे हेडमास्तर म्हणत, कारण त्याने आजवर भल्याभल्यांना सरळ केलं होतं. वेगात येऊन तो वेळेवर दाखवायचा, आवाज द्यायचा आणि अख्खी रांग झटका न देता अलगद उजवीकडून काढायची. जमलं तर पास. मग दर रविवारी तासभर घड्याळजी जावयाच्या मागून सायकल चालवणार, आणि तो म्हणेल त्यावर विश्वास ठेवणार. नियमच होता. जावयाला दुसरं काही नको होतं.

त्याने जीव तोडून तयारी केली. घरात जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक मांडल्या, मागे बायकोला बसवलं आणि समोरची हलणारी फरशी दाखवत संध्याकाळभर खड्डा, डावीकडे असं ओरडत बसला. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरून निरोप आला की खड्डा कळला, आता पुढं चला. मग तो एकटा वळणावर जाऊन मोजून आला: गादीवाल्याची पाटी संपली की पायडलचे अकरा फेरे, हात खाली, आवाज, आणखी तीन फेरे, उजवीकडे. हे त्याला इतकं पाठ झालं की दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना त्याचा डावा हात आपोआप खाली गेला. गिऱ्हाइकाने वाकून पाहिलं, खाली काही नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी हवा छान होती आणि रस्ता मोकळा. पुढे जावई, मागे शिट्टीबाई, तिसरे घड्याळजी, मग त्यांची मुलगी आणि बाकीचे, शेवटी बेकरीवाला. पाटी आली, गेली. जावई मनात मोजत होता. नऊ, दहा, अकरा. हात खाली गेला. "खड्डा, डावीकडे." तीन फेरे, आणि रांग रेशमासारखी उजवीकडे वळली.

आदल्या दिवशी रस्ते खात्याने हेडमास्तर बुजवला होता. वर काळाभोर, चकचकीत, सपाट चौकोन. रोलर फिरवून दाबायचं काम तेवढं सोमवारवर ठेवलं होतं.

शिट्टीबाई वळल्या आणि घड्याळजींना समोरचा रस्ता दिसला. खड्डा नव्हता. जावई नसलेला खड्डा दाखवत होता. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या वेळा दुरुस्त करत आलेल्या माणसाला हे बघवेना. चूक सगळ्यांच्या नजरेला यावी म्हणून ते मान ताठ ठेवून नाकासमोर सरळ गेले.

पुढचं आपण ऐकलेलं नाही.

सायकल स्टँड न लावताच उभी राहिली. बाकी कोणी कोणावर आदळलं नाही, कारण सगळ्यांनी अंतर ठेवलं होतं. आपल्याच बापाच्या मागे असूनही मुलीने आधी थांबतेय असं मागे ओरडून सांगितलं आणि मगच थांबली. बेकरीवाल्याने बूट आणि माणूस वेगवेगळे ओढून काढले. मग सगळे कडेच्या कट्ट्यावर बसले, घड्याळजी एका पायात मोज्यावर.

प्रश्न बिकट होता. खड्डा नसताना खड्डा म्हणणं म्हणजे सरळ नापास. आज खड्डा म्हणतात, उद्या भिंत म्हणतील, असं घड्याळजींचं मत पडलं. पण त्याचं ऐकलं ते नऊही जण कोरडे होते आणि ऐकलं नाही तो एक काळा होता, हे बेकरीवाल्याने बोट दाखवून सांगितलं. शिट्टीबाईंनी मार्ग काढला. त्या जावयाकडे वळून अगदी हळू, म्हणजे समोरच्या इमारतीपर्यंतच जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुला डांबर ओलं दिसलं, म्हणून तू वळवलंस. हो ना रे?"

मान हलवली की काम फत्ते. बायको त्याच्याकडे बघत होती. सासरे बुटातलं डांबर काडीने खरवडत होते, पण काडी थांबली होती.

जावई म्हणाला, "नाही. मी रस्ता बघतच नव्हतो. फेरे मोजत होतो."

शिट्टीबाईंनी कपाळाला हात लावला.

"घड्याळ बंद पडलंय हे स्वतः सांगणारं गिऱ्हाईक मला बावीस वर्षांत भेटलं नाही," घड्याळजी म्हणाले. "सगळे म्हणतात, काल तर चालू होतं." मग त्यांनी बूट चढवला. "घरापर्यंत पुढं तुम्ही व्हा. पाठ केलेलं विसरा. दिसेल ते सांगा."

परतीच्या वाटेवर जावयाने एक उघडं दार, दोन काचा आणि एक झोपलेलं कुत्रं दाखवलं. प्रत्येक वेळी तिसऱ्या सायकलने मुकाट्याने ऐकलं.

पण हे झालं वहीबाहेरचं. वहीत अडचण अशी की परीक्षा धरली तर सातवा नियम मोडल्याबद्दल नियम लिहिणाऱ्यालाच महिनाभर रांगेच्या शेपटाला जावं लागत होतं. म्हणून घड्याळजींच्या घरी पोचल्यावर, परीक्षा झालीच नाही, कोणी रुतलंच नाही, असा ठराव झाला. परीक्षा पुन्हा घ्यायची ठरली. आता ती घ्यायची कुठं, हा प्रश्न निघाल्यावर घड्याळजींनी तिथंच भिंग लावलं आणि अर्ज लिहिला. खाली पहिली सही जावयाला करायला दिली, स्वतःच्या पेनने.

"प्रति, रस्ते खाते. विषय: खड्डा परत मिळणेबाबत. महोदय, गादीच्या दुकानासमोरील आमचा खड्डा आपण पूर्वसूचना न देता बुजवला आहे. त्यामुळे एका होतकरू उमेदवाराचे नुकसान होत आहे. तरी सदर खड्डा त्याच जागी, अडीच वीत लांब व एक वीत खोल, येत्या रविवारी सकाळी सातच्या आत पूर्ववत करून मिळावा. ते शक्य नसल्यास तत्सम दर्जाचा पर्यायी खड्डा जवळपास मंजूर व्हावा. तो वर्षातून एकदाच वापरला जाईल व वापरानंतर झाकून ठेवण्यात येईल. कळावे, ही विनंती."