गवतावर चाललेलं चाक

१९७१ च्या मार्चमध्ये माझी बी.एस्सी.ची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. वेळ अकराची, सव्वाअकरानंतर प्रवेश नाही. गैरहजर म्हणजे नापास, आणि वडिलांनी, वामनरावांनी, शिकायला एवढंच वर्ष दिलं होतं.

फेटरीहून निघाले आणि काटोल रोडवर मागच्या चाकातली हवा गेली. साडेनऊ वाजले होते. कॉलेज अजून अकरा किलोमीटर. सायकल ढकलत नेली तर पावणेबारा.

टायरात बाभळीचा काटा होता. तो उपसून फेकला. डब्यातल्या चमच्याच्या दांड्याने टायर एका बाजूने उचकटलं आणि ट्यूब बाहेर ओढली. पंक्चरच्या सोल्युशनची नळी वाळून गेली होती. म्हणून छिद्राजवळ ट्यूब दुमडून सुतळीने करकचून बांधली. तेवढा भाग बाद, बाकीच्यात हवा राहील. पंप मारला. दोन फर्लांग गेले आणि चाक पुन्हा बसलं. काट्याचं टोक टायरमध्येच मोडून राहिलं होतं. आतून बोट फिरवलं असतं तर कळलं असतं. या वेळी ट्यूब वीतभर फाटली होती.

रस्त्याला लागूनच संत्र्याचा बगिचा होता. बाया पेट्यांमध्ये फळं भरत होत्या, जवळ वाळल्या गवताचा ढीग. विचारून मी दोन कवळे उचलले आणि टायरात कोंबू लागले.

"काहून वं, सायकलले चारा घालून राहिली का?" एक म्हातारी म्हणाली. बाया हसल्या.

"परीक्षा आहे, मावशी. अकराला पोचायचंय."

"अन् हे असं भरून? पुलापर्यंत बी नाही जात तू." ती उठून आली. चाक दाबून पाहिलं; गवत भसकन खाली गेलं. "काढ सारं. माह्या हातची पेटी कलकत्त्याले जाते, एक फळ हालत नाही. कोणाले बी विचार, रुखमाबाईची पेटी म्हणून."

तिने गवतावर पाणी शिंपडलं, म्हणजे ते तुटत नाही. मग आम्ही दोन टोकं धरून मनगटाएवढा पीळ वळला. ती गुडघ्याने दाबत तो टायरात बसवत गेली. मी चमच्याने कड आत सारत गेले. शेवटची हातभर जागा सर्वांत अवघड. तिथे तिने मूठ मूठ गवत ठासलं.

"जाय आता. अन् उतरू नको, बसल्या जागी दाबून चाल."

सव्वादहा झाले होते. चाक गोल नव्हतं. प्रत्येक फेऱ्याला सायकल एकदा उसळे, आणि तो धक्का मुठींतून खांद्यापर्यंत येई. चढावर उभं राहून पॅडल मारावंसं वाटलं, तरी बसूनच राहिले. पाय भरून आले. वेग कमी केला नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रयोगशाळेच्या दारात होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी घड्याळाकडे, मग माझ्या चिखलगवताच्या हातांकडे पाहिलं.

"पाच मिनिटं शिल्लक आहेत. हात धुवा."

हात धुतले, पण ते थरथरत होते. ब्युरेट भरायला घेतली तर द्रावण काठावरून सांडलं. शेजारच्या टेबलांवर पहिली रीडिंगं लिहून झाली होती. मी ब्युरेट ठेवली, दोन्ही तळवे टेबलाच्या थंड फरशीवर टेकले आणि भिंतीवरचं घड्याळ पाहत उभी राहिले. सहा मिनिटं गेली. बोटं स्थिर झाली तेव्हा नळी पुन्हा भरली, डोळा रेषेच्या पातळीत आणला आणि पहिला थेंब सोडला.