बुरुजावरून न दिसणारा कोपरा

त्या रविवारी मंजुश्रीला एका जागी चैन पडत नव्हतं. नांदेडहून निघाल्यापासून डोळा सारखा घड्याळावर. लातूरच्या होस्टेलातून तिनं लेकीला, समीक्षाला, दिवसापुरतं बाहेर काढलं होतं, आणि पोरीचं एकच पालुपद चाललेलं, "आई, मला घरी ने." पण डॉक्टरकीची परीक्षा तोंडावर आलेली, असली शिस्तीची जागा पुन्हा मिळायची नाही. आज पोरीची समजूत घालायची आणि सहाच्या आत तिला परत सोडायचं, असं मंजुश्रीनं ठरवून टाकलेलं. आता समजूत घालायला कुणी लेकीला जेलात नेतं का? ही बाई नेते!

रेणापूरच्या पुढं निजामाच्या काळातला एक जेल ओस पडला होता. त्याचं वाचनालय करायचं काम मंजुश्रीकडं आलेलं. ती वास्तुरचना शिकलेली, वर कॉलेजात शिकवणारी. एकदा तोंड सुरू झालं की आवरणं मुश्कील.

"मधला बुरुज बघ," ती म्हणाली. "वर पहारेकरी आहे का नाही, हे कैद्याला कधी कळायचंच नाही. म्हणून तो सदा धाकात. भिंतींपेक्षा खरा जेल तो!"

"आमच्याकडं कॅमेरे हायेत," समीक्षा म्हणाली. "हॉलमध्ये, जिन्यात. जेवताना बी."

"ते तुमच्या भल्यासाठी गं," मंजुश्री बोलून गेली, पण तिचं तिलाच ते बरं वाटलं नाही. तेवढ्यात वरून धोंडप्पानं, म्हणजे कामाच्या गुत्तेदारानं, हाक मारली. सुटले बाई, म्हणत ती बुरुजावर चढली.

"मॅडम, कोठड्यातला चुना समदा खरवडू का?"

"अहो, भलतंच काय! दाराशेजारच्या कोपऱ्याला हात लावायचा नाही." मंजुश्रीचा चेहरा खुलला. हा शोध तिचा स्वतःचा, वर्गात फोटो दाखवून सांगायची ती. "इथून गजांमधून अख्खी कोठडी दिसते, तेवढा कोपरा सोडून. पाठी टेकून टेकून तिथला चुना गुळगुळीत झालाय. एकूण एक कोठडीत तसंच. कैद्यांना काय कुणी शिकवलं होतं?"

"खरंच की वो," धोंडप्पा म्हणाला. "पर पोरगी कुटं गेली?"

मंजुश्रीनं खाली पाहिलं. अंगण मोकळं. कोठड्या एका ओळीत उघड्या, आणि सगळ्या रिकाम्या. "समे! ए समे!" ओरडत ती जिना उतरली. एक कोठडी, दुसरी, तिसरी.

चौथीत समीक्षा होती. दाराशेजारच्या कोपऱ्यात, गुळगुळीत भिंतीला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन गाढ झोपलेली. तिला तर आईनं कोपऱ्याचं काहीच सांगितलं नव्हतं.

मंजुश्रीला रडूच फुटलं. मागून आलेला धोंडप्पा हळूच म्हणाला, "लई दमलीया वो लेकरू. निजू द्या."

फोन वाजला. होस्टेलच्या बाई होत्या. "मॅडम, सहाला गेट बंद होतं. ध्यानात हाय ना?"

"करा बंद," मंजुश्री डोळे पुसत म्हणाली. "ती आता येत नाही. सामान न्यायला मी येईन." आणि फोन ठेवून ती लेकीच्या शेजारी, बुरुजाकडं पाठ करून, खाली बसली.