वीसपैकी शून्य

माझ्या थोरल्या बहिणीला काही कळत नाही, हे सिद्ध करायला आम्ही एका रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमलो होतो. इच्छा तिचीच होती. आठवडाभर आधी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला एक कागद हवाय. तुमच्या मंडळाचा शिक्का असलेला. मला काही कळत नाही असं त्यावर लिहून दे."

"असा कागद मी आत्ता देतो."

"तुझा नको. तू चिडलेला आहेस, आई म्हणेल रागाने लिहिलंय. नीट परीक्षा घ्या."

चिडलो होतो हे खरं. चार महिने मी ताईशी कामापुरतंच बोलत होतो, आणि काम शक्यतो काढत नव्हतो.

ताई एका फोटो स्टुडिओत आहे. जुने, फाटके, डाग पडलेले फोटो संगणकावर दुरुस्त करणं हे तिचं काम. चिरा बुजवायच्या, उडून गेलेला कान पुन्हा काढायचा, बुरशीने खाल्लेली बाही भरायची. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला तिने सहज विचारलं, "हे कधी गेले?" गिऱ्हाईक भडकलं, कारण फोटोतले काका ठणठणीत होते. संध्याकाळी निरोप आला की काका सकाळीच गेले. झालं. स्टुडिओच्या मालकाने ही गोष्ट तिखटमीठ लावून सगळीकडे केली आणि हरवलेल्या माणसांचे फोटो घेऊन लोक यायला लागले. ताई त्यांना एकच शब्द सांगायची, आहे किंवा नाही. कसं कळतं म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाली, "जिवंत माणसाचा फोटो कितीही दुरुस्त केला तरी काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं. गेलेल्याचा संपतो." यावर मी दोन दिवस हसत होतो.

हसणं थांबलं ते मधल्यामुळे. मधला म्हणजे आमचा मधला भाऊ. चार वर्षांपूर्वी तो माझ्याशी भांडून, बॅग भरून निघून गेला. भांडण कशावरून, तर मी सकाळी बाथरूम अडवून ठेवतो यावरून. त्यानंतर फोन बंद, पत्ता नाही, पोलिसांकडे अर्ज पडून. मला त्याचा राग होता. माणसाने रुसावं, पण इतकं ताणू नये. आई मात्र रोज म्हणायची, येईल. मग तिने त्याचा एक चुरगळलेला फोटो ताईकडे दिला, नीट करून मोठा करून आण म्हणून. ताईने तो आणला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आई, तो नाहीये."

त्या दिवसापासून आईने अंथरूण धरलं. दोन घास खायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टरांना दुखणं सापडेना. शेवटी त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं की असंच चाललं तर त्या हिवाळा काढणार नाहीत. तेव्हा कागद हवा होता तो आईसाठी. ताई खोटी ठरली की मधला जिवंत ठरणार होता, निदान आईपुरता.

माझी काहीच हरकत नव्हती. ताईला काही कळत नाही याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. मी बॅटरीचे सेल बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. जे मोजून दाखवता येत नाही त्याला मी दारातून आत घेत नाही. असल्या चमत्कारांचे दावे तपासणाऱ्या आमच्या शहानिशा मंडळाचा सचिवही मीच. अध्यक्ष एक निवृत्त दंतवैद्य आहेत. समोरच्याने तोंड उघडलं की त्यात काय किडलंय हे बघायची त्यांना सवय आहे.

परीक्षेचे नियम मी लिहिले. दुसऱ्या गावातल्या एका ग्रंथपाल बाईंनी वीस माणसांचे फोटो पाठवायचे, सगळे तीस वर्षांपूर्वीचे, सारख्या आकाराचे. कुठल्या क्रमांकावर जिवंत माणूस आणि कुठल्यावर गेलेला, हे त्यांनी नाणं उडवून ठरवायचं. उत्तरं लाखबंद पाकिटात. ती आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नसणार. पंधरा किंवा जास्त बरोबर आली तर मंडळ हार मानेल, त्याखाली आली तर ताईला काही कळत नाही असा दाखला देईल. अध्यक्षांनी मसुदा वाचून माझी पाठ थोपटली होती.

स्टुडिओचा मालक आपली सात-आठ माणसं घेऊन आला होता. त्याला ही परीक्षाच मान्य नव्हती. तो अध्यक्षांना म्हणाला, "डॉक्टर, तुम्हाला मोजता येत नाही ते जगात नाहीच का?"

"आहे ना. पण तुमच्या दुकानात पाटी काय आहे? शंभर टक्के अचूक. शंभर हा आकडाच आहे, मालक. आम्ही तोच मोजतोय."

"परीक्षा घ्यायला गेलं की अशी गोष्ट निघून जाते. ती नाजूक असते."

"दुकानात गिऱ्हाईक आलं की मात्र बरी परत येते."

दोन्ही बाजूंचे लोक हसले. एक म्हातारे गृहस्थ उठून सांगू लागले की ताईने त्यांचा मुलगा जिवंत आहे म्हणून सांगितलं आणि तो खरंच सापडला. अध्यक्षांनी विचारलं, ज्यांचे सापडले नाहीत ते आज इथे का नाहीत? गृहस्थ बसले. एरवी या वादात मी सर्वांत पुढे असतो. त्या दिवशी मला एका जागी बसवत नव्हतं. खिडकी उघड, पुन्हा लाव, पेनाचं टोपण चाव, असं चाललं होतं. लवकर उरका आणि कागद द्या, एवढंच डोक्यात होतं.

ताई टेबलाशी बसली. एकेक फोटो हातात घ्यायची, जवळ धरायची, कोपऱ्यावरून अंगठा फिरवायची. मग म्हणायची, "आहे." किंवा, "नाही." मी लिहून घेत होतो. सातव्या फोटोत एक बाई कुणाला तरी हाक मारताना हसत होती. ताईने तो बराच वेळ धरला, "आहे" म्हणाली आणि हात ओढणीला पुसले. तासाभरात वीस झाले.

अध्यक्षांनी पाकिटाची लाख सर्वांना दाखवून फोडली. मी ताईचं उत्तर वाचायचं, त्यांनी खरं.

"एक. आहे."

"नाही."

"दोन. नाही."

"आहे."

पाच चुकली तेव्हा मंडळाच्या बाजूला खसखस पिकली. दहा चुकली तेव्हा लोक मोठ्याने मोजायला लागले. पंधरा झाल्यावर मालकाने खुर्ची मागे सरकवली. विसावं उत्तर चुकल्यावर अध्यक्ष चष्मा काढून हसले. "वीसपैकी शून्य. मालक, या बाईंच्या जागी नाणं बसवलं असतं तरी दहा आली असती."

सगळे हसले, मीही हसलो. आणि हसता हसता मध्येच थांबलो. नाण्याला दहा आली असती. मग हिला दहा का नाही आली?

आमच्या खात्यात एकदा एक नवं मशीन आलं होतं. चांगले सेल नापास करायचं आणि खराब सेल पास. सगळे वैतागले, मशीन टाकाऊ आहे म्हणाले. म्हातारा फिटर आला, त्याने दोन तासांचे आकडे पाहिले आणि म्हणाला, हे मशीन एकही चूक करत नाहीये, कुणीतरी वायर उलटी जोडलीय. टाकाऊ मशीन निम्म्या वेळा चुकतं. सगळेच्या सगळे चुकायला चांगला सेल कुठला ते कळावं लागतं.

मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. अंदाजाने सांगत गेलं तर वीसच्या वीस चुकण्याची शक्यता साडेदहा लाखांत एक. वीसच्या वीस बरोबर येण्याची तेवढीच. पुन्हा मांडला. योगायोग म्हणता आलं असतं. पण माझ्या टेबलावर कुणी असा योगायोग आणला असता तर मी त्याला सेलच्या ट्रेसह परत पाठवलं असतं. वरची मर्यादा मी लिहिली होती, खालची लिहिलीच नव्हती. इतकी वर्षं तपासणीत घालवून.

ताई माझ्याकडे बघत होती. अध्यक्षांनी दाखला पुढे सरकवला. शिक्का मारून झाला होता, त्यांची सही झाली होती. सचिव म्हणून माझी बाकी होती. मी तोंड उघडलं असतं तर मालकाने दारात नवी पाटी लावली असती, आणि घरी आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"कर ना सही," ताई हळूच म्हणाली.

मी केली.

घरी आम्ही चालत निघालो. मी इतका भरभर चालत होतो की ताईला मागे धावावं लागत होतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी तिने माझी बाही धरली. "काय झालं? सगळी चुकली की. चांगलंच झालं ना?"

"किती चुकवायची ठरवली होतीस?"

तिने बाही सोडली.

"दहाच्या आसपास चुकायला हवी होती, ताई. ज्याला काही कळत नाही त्याची निम्मी बरोबर येतात."

तिने जरा विचार केला आणि तिचा चेहरा उतरला. मॅट्रिकला गणितात राहिली होती तेव्हा उतरला होता तसा. "मला वाटलं, जेवढी जास्त चुकतील तेवढं बरं. बाकीच्यांच्या लक्षात आलं?"

"नाही."

"तुझ्या आलं."

दुकानात कुणीतरी चाक फिरवून त्याचा बाक बघत होतं. मला विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं. शेवटी म्हणालो, "मधल्याचं नक्की आहे?"

"मी आठ दिवस तो फोटो परत परत उघडत होते," ताई म्हणाली. "म्हटलं कुठे तरी काहीतरी राहिलेलं असेल. नव्हतं रे."

चार वर्षं मी त्याच्यावर रागावलेला होतो. तो कुठेतरी मजेत आहे, आमची गंमत बघतोय, परत आला की दोन शब्द सुनावायचे, असं धरून चाललो होतो. ते दोन शब्दही माझे पाठ होते. भर रस्त्यात मला रडू आलं आणि मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकलो.

आईने दाखला उशीला टेकून दोनदा वाचला. चष्मा पुसून शिक्का बघितला. मग ताईला न विचारता मला विचारलं, "म्हणजे हिला काही कळत नाही?"

"नाही."

"तू स्वतः मोजलंस?"

"हो. वीसपैकी शून्य."

"मग मधल्याचं म्हणाली तेही खोटं. म्हणजे तो आहे."

एवढा कच्चा तर्क दुसऱ्या कुणी केला असता तर मी त्याला तासभर सोडलं नसतं. म्हणालो, "असेल."

आई उठून बसली. पाय खाली सोडून जमीन चाचपली आणि ताईवर तुटून पडली. सख्ख्या भावाला जिवंतपणी मारलंस, चार महिने माझ्या जिवाला घोर लावलास, लाज कशी वाटली नाही, अजून बरंच. पुन्हा त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही म्हणाली. ताई मान खाली घालून ऐकत होती. मध्येच उठून तिने आईला खिचडी आणून दिली. आईने बोलणी चालू ठेवत ताट रिकामं केलं आणि अजून मागितली. ताई स्वयंपाकघरात गेली ती लवकर बाहेर आली नाही.

मला आईने जवळ बोलावलं. तिच्या आवाजात पूर्वीची घाई आली होती. "घरात एकाला तरी अक्कल आहे म्हणून बरं. आता ऐक. त्याचे कपाटातले कपडे काही उपयोगाचे नाहीत. चार वर्षांत अंगाने भरला असेल. आला की अंगात घालायला काहीतरी हवं. उद्या कारखान्यातून येताना एक शर्ट घेऊन ये. कुठलं माप लागेल रे त्याला आता?"

मी भिंतीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"बेचाळीस," मी म्हणालो. "थोडा मोठाच घेतो."