भिशीचे पैसे, भाकरीचे पैसे

कानडी मुलखाच्या राजधानीत, शिवाजीनगरच्या बस स्टँडमागं, महानंदाअक्काचं भाकरीचं दुकान. दुपारी एक वाजता तिथं पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी बाकडी रिकामी, आणि अक्का सुरीनं भिंतीवरचा क्यूआर कोड खरवडत होती.

शेजारच्या गाळ्यात ब्लाउज शिवणारी चंपा धावत आली. "काय करायलीस गं अक्का?"

"आजपासून रोकड. ज्याला खायचं त्यानं नोटा आणाव्यात."

"म्हणून इतकी गर्दी झालीय होय?"

अक्का मटकन बसली. "हसू नको. रविवारी तवा विकते आणि निपाणीला माहेरी जाते. वीस वर्षं झाली इथं, पुरे."

हे दिवे लावले होते वरच्या मजल्यावरच्या करसल्लागार शरच्चंद्रांनी. त्यांनी बँकेचा उतारा वरवर चाळला आणि सांगून टाकलं: वर्षात खात्यात एकवीस लाख आले, म्हणजे कमाई एकवीस लाख. कर अडीच लाखांच्या घरात, आणि त्यांची फी वीस हजार वेगळी. भाकरीला पीठ लागतं, गॅस लागतो, गाळ्याला भाडं लागतं, हे या गृहस्थांना जन्मभर भाकरी खाऊनही कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं, आणि तेच जास्त वाईट.

चंपा आठवी शिकलेली. पण असल्याच एका सल्लागारानं तिला एकदा लुबाडलं होतं. त्या रागापायी ती आयकराच्या साइटवर बसून सगळं स्वतः शिकली.

"उतारा आण," ती म्हणाली. मग कापडावर खुणा करायचा निळा खडू घेऊन ओळीमागून ओळ रंगवू लागली. "हे पाच हजार कुणाचे? हे पाच हजार? हे?"

"भिशीचे की गं. निपाणीकडच्या चौदा बायका. सगळ्याजणी माझ्याच क्यूआरवर टाकतात, आणि पाळी येईल तिला मी देते."

चंपानं कपाळावर हात मारला. "दुकानाच्या खात्यात भिशी? वर्षाचे आठ लाख चाळीस हजार झाले ते! ती काय तुझी कमाई आहे?"

"माझा एक रुपया नाही त्यात!"

"मग ते वजा. चौदा जणींची नावं, तारखा, कुणाला किती दिले, सगळं वहीत लिहून ठेव. कुणी विचारलं तर वही दाखवायची. आणि उद्याच्या उद्या भिशीचं खातं वेगळं."

"सरी, बरं. म्हणजे राहिले साडेबारा लाखांवर. ते तरी कमी आहेत का?"

"ती विक्री झाली, नफा नव्हे. लहान धंद्याला सोपा हिशेब असतो. ऑनलाइन आलेल्या पैशावर कमीत कमी सहा टक्के नफा दाखवायचा, रोकडीवर आठ. आणि तू क्यूआर खरवडून रोकड मागायलीस! शाणी!"

"मग सहाच टक्के लिही."

"खोटं लिहिणार नाही. खर्च जाऊन हातात किती राहतात?"

अक्का बराच वेळ बोटांवर हिशेब करत होती. "साडेचार लाख."

"तर साडेचार लिहायचे. नव्या पद्धतीत बारा लाखांच्या आत उत्पन्न असलं तर धंद्यावर कर शून्य. पण रिटर्न भरायचं, चुकवायचं नाही."

"शून्य?" अक्का उभीच राहिली. "परत म्हण."

"शून्य. आणि थांब स्वल्प, जरासं. कोरमंगलाच्या त्या कंपनीला डबे देतेस ना? त्यांनी तुझ्या पॅनवर एकतीसशे रुपये टीडीएस कापलाय, हा बघ, आयकराच्या साइटवर दिसतोय. रिटर्न भरलं की परत येतील."

"मला वाटलं, त्यांच्या मॅनेजरनं खाल्ले! गेले सहा महिने मी त्याला डाळ पातळ देतेय!"

चंपा हसून हसून बाकड्यावर आडवी झाली.

तासाभरानं रिटर्न भरलं. मोबाइलवर ओटीपी आला, अक्कानं तो मोठ्यानं वाचला, आणि लगेच निपाणीला भावाला फोन लावला. "महांतेश, माझ्यासाठी खोली झाडू नको. मी येत नाही."

"का गं? काय झालं?"

"काही झालं नाही, तेच तर झालं! जोंधळ्याची दोन पोती पाठव. आणि ऐक, बिल पाठव. पक्कं बिल!"

"भावाकडं बिल मागतेस?"

"भाऊ असशील घरात. दुकानात तू माझा खर्च आहेस!"