सत्ताविसावा संदर्भ

"तेरा काढा, मादाम इन्शिराह. पन्नासच्या वर एक जरी संदर्भ गेला तरी जर्नलवाले म्हणे उघडूनसुद्धा बघणार नाहीत!" डॉक्टर वजदींनी दारातूनच सुनावलं आणि कागदांचा गठ्ठा तिच्या टेबलावर आपटला. गठ्ठ्याखाली तिचं अर्धं खाल्लेलं सँडविच दबलं.

"त्रेसष्ट आहेत. कुठले काढू?"

"ते तुम्ही बघा. फक्त माझ्या चौदांना हात लावू नका. बढतीच्या समितीवर जे तिघे बसणार, त्यांचे नऊ आहेत, तेही राहू द्या. आणि संपादकाचे चार. बाकी तुम्हाला पूर्ण मोकळीक. आजच्या आज पाठवायचंय हां!"

पूर्ण मोकळीक! काय पण दानशूर माणूस. सत्तावीस जण आधीच गादीवर लोडाला टेकून बसलेले, आणि तलवार चालवायची ती उरलेल्या गरिबांवर. इन्शिराहने सँडविच बाजूला काढलं आणि चष्मा लावला.

वनस्पतिशास्त्र विभागाच्या तळघरातल्या ग्रंथालयात तिला एकवीस वर्षं झाली होती. नेमणुकीच्या कागदावर काम लिहिलेलं होतं पुस्तकं लावण्याचं. पण वरच्या मजल्यावरच्या एकाही डॉक्टरला स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे हे उमगत नव्हतं, त्यामुळे साऱ्या विभागाच्या संदर्भयाद्या तिच्या गळ्यात पडत. नाही म्हणायची सोय नव्हती. तिच्या वार्षिक अहवालावर सही वजदींची. आणि वर्षभरापासून तर आणखी एक कागद त्यांच्या हातात अडकलेला होता: लुजैनचा, तिच्या मुलीचा. लुजैन याच विभागात शिकवायला लागली होती. मास्टर्सचा विषय नोंदवायचा अर्ज वजदींच्या टेबलावर पडून होता. मुदतीत पदवी झाली नाही, की वर्गातून उठायचं आणि कारकुनी खुर्चीत बसायचं. हा नियम इन्शिराहला कुणी समजावून सांगायला नको होता. ती त्याच नियमाने जिना उतरून खाली आली होती.

चहावाली उम्म राफत पुदिन्याचा चहा ठेवता ठेवता कागदांत डोकावली. "गेल्या महिन्यात हेच करत होतीस ना गं?"

"ते दुसऱ्या जर्नलसाठी. तिथे साल शेवटी होतं. इथे नावाला लागून."

"आणि रमझानच्या आधी?"

"तेव्हा कंसात."

"म्हणजे आतला मजकूर तोच?"

"तोच."

"अल्लाह! तुमच्यापेक्षा माझं बरं बाई. साखर किती, एवढं विचारलं की झालं." उम्म राफत खो खो हसत निघून गेली.

दुपारपर्यंत इन्शिराहने बारा काढले. दोन जर्मन, एक चिनी, इराकमधला एक म्हातारा ज्याचं कुणीच नाव घेत नसे. प्रत्येक वेळी जिवावर आलं. कुणीतरी कुठल्यातरी उन्हात उभं राहून मोजमापं घेतलेली असतात. एक रेघ ओढली की संपलं. आकडे हाताने बदलावे लागत होते, कारण फाईल तीन जणांच्या संगणकांतून फिरून आली होती आणि आपोआप आकडे लावणारी सोय केव्हाच मोडली होती. आता एक्कावन्न उरले. एकच काढायचा होता, आणि त्या एकापाशी तिचं घोडं अडलं.

ती यादी घेऊन वर गेली. जिना चढताना तिने मनाशी पक्कं केलं होतं.

"डॉक्टर, तुमच्या चौदांतले दोन आंब्याच्या पानांवरचे आहेत. खाऱ्या मातीशी त्यांचा काय संबंध?"

"संबंध असतो का, मादाम? संबंध लावायचा असतो." वजदी स्वतःच्या विनोदावर खूश झाले. "आणा इकडे." त्यांचं बोट यादीवरून घसरत गेलं आणि थांबलं. "हा बघा, सत्ताविसावा. मितवल्ली. बावीस वर्षांपूर्वीचा! कोण हा मितवल्ली? एव्हाना कबरीत गेला असेल. काढा."

इन्शिराहने यादी स्वतःकडे ओढली.

बाहेरच्या जर्नलवाल्यांना माणसाचं शेवटचं नाव लागतं. आपल्याकडे शेवटी येतं ते आजोबांचं नाव. इन्शिराह अब्देल-मौला मितवल्ली ही यादीत नुसती मितवल्ली होऊन बसली होती. आजोबा बिचारे बुरुल्लुस सरोवराच्या काठावर मासे विकायचे आणि सहीला अंगठा उठवायचे. त्यांच्या नावाने नातीचा एकुलता एक शोधनिबंध जगभर फिरत होता, आणि विभागात कुणाच्या गावीही नव्हतं. ती चार वर्षं त्या सरोवराचा चिखल तुडवत होती तेव्हा वजदी परदेशात होते. ते परतले तेव्हा ती मादाम ग्रंथालय झाली होती.

"पण डॉक्टर, तुमची मातीतलं मीठ मोजायची पद्धत अख्खी त्याच्यावर उभी आहे."

"ती आता सगळ्यांनाच माहीत आहे. वाक्य राहू द्या, आकडा तेवढा काढा."

वाक्य राहणार आणि आकडा जाणार. म्हणजे उद्या वाचणाऱ्याला ती पद्धत वजदींची वाटणार. तो मितवल्ली मीच, असं सांगायला तिने तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"अरे हो," वजदी कागद चाळत म्हणाले, "लुजैनचा अर्ज इथेच कुठेतरी आहे. हे एकदा मार्गी लागलं की डोकं थंड होईल, मग बघतो."

गेल्या वर्षी डॉक्टर सुमय्यांनी भर बैठकीत वजदींची एक चूक दाखवली होती. त्यांच्या विद्यार्थ्याचे कागद आठ महिने खणातून बाहेर आले नाहीत. इन्शिराहने तोंड मिटलं.

"काढते, डॉक्टर."

खाली येऊन तिने सत्ताविसाव्यावर रेघ ओढली. रेघ सरळ आली, याचाच तिला राग आला. एकवीस वर्षांत शेकडो याद्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. कुठेही स्वतःचं नाव हळूच घुसवता आलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. तिने कधी तसं केलं नाही. जिथे ते हक्काने आलं होतं, तिथूनच आता तिने ते काढलं. वर फोन करून तिने सांगितलं, पन्नास झाले, तासाभरात पाठवते.

अर्ध्या तासाने लुजैन जिना उतरली. हातात कागद होता, त्यावर निळी सही.

"झाली, आई! एका वर्षाने झाली!"

"मबरूक गं माझे राणी!" इन्शिराहने तिला पोटाशी धरलं. पोरीच्या अंगात आनंद नव्हता. "काय झालं?"

लुजैन खुर्चीत बसली. "ते म्हणाले, अर्जासोबतच्या यादीतला तो मितवल्ली काढ, फार जुना आहे. पद्धतीसाठी माझाच पेपर दे, येतोच आहे छापून." तिचे डोळे भरून आले. "मी सांगणार होते गं. देवाशपथ सांगणार होते. पण पेन त्यांच्या हातात होतं. सही अजून व्हायची होती. मी 'बरं' म्हणाले."

हीच खुर्ची, हेच तळघर. या पोरीने इथे येऊ नये म्हणून इन्शिराहने सगळं सोसलं होतं, आणि गप्प बसायला पोरगी वरच शिकली होती.

"बरं केलंस," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

"तुझं काम कुठवर आलंय?" लुजैनने नाक पुसत तिच्या संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. रेघ ओढलेली ओळ तिला दिसली. तिने आईकडे पाहिलं नाही.

"तुझ्या यादीत कितवा होता?" इन्शिराहने विचारलं.

"नववा."

"खुर्ची ओढ इकडे. आधी दहाव्याला नऊ कर, मग अकराव्याला दहा. पुढून धर, मागून नको, नाहीतर एकच आकडा दोनदा येतो. आणि आतल्या मजकुरातही बदल, तिथेच लोक विसरतात."

लुजैनने स्वतःची यादी काढली आणि खुर्ची ओढली. दोघी शेजारी शेजारी बसल्या. आईने अठ्ठाविसाला सत्तावीस केलं, आणि लेकीने दहाला नऊ.